नेटवर्क स्विचवर पॅकेट-वाहतुकीची मोजणी कशी बसवावी

प्रश्नकर्ते एका महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळतात. प्रत्येक मजल्यावर ४८ पोर्टांचा, १ गिगाबिट वेगाचा स्विच आहे, हे स्विच १० गिगाबिटच्या अपलिंकने मुख्य स्विचला जोडलेले आहेत, आणि त्यांत काही सिस्कोचे तर काही हुआवेईचे आहेत. पाच-पाच मिनिटांच्या आलेखावर अपलिंकचा वापर २८ टक्क्यांच्या वर कधीच जात नाही, तरीही दुपारच्या तासांना प्रयोगशाळांमधून सर्व्हरवरच्या फाइली उघडायला उशीर लागतो, ही त्यांची अडचण आहे. स्विचवर वाहतुकीची आकडेवारी कशी चालू करावी, तिचा कालावधी किती ठेवावा, आणि सगळ्या पोर्टांवर व व्हीलॅनवर (एकाच स्विचवर आखलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कवर) ती चालू केल्यास स्विचवर ताण येतो का, असे तीन मुद्दे त्यांनी विचारले आहेत.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भौतिक पोर्टवरची मोजणी चालू करावी लागत नाही. ती स्विचिंग चिपमध्ये, प्रत्येक फ्रेम (पॅकेट वाहून नेणारा इथरनेटचा तुकडा) आत येताना आणि बाहेर जाताना, कायम चालूच असते आणि तिचा प्रोसेसरवर काहीही भार पडत नाही. आपण जे ‘कॉन्फिगर’ करतो ते तीन वेगळ्या प्रकारचे काम असते: स्विचच्या पडद्यावर दिसणारी सरासरी किती काळाची असावी हे ठरवणे, चिपमधले आकडे बाहेरच्या निरीक्षण-सर्व्हरने कसे व किती वेळाने वाचावेत हे ठरवणे, आणि व्हीलॅन, वर्ग किंवा प्रवाह यांच्यानुसार जी मोजणी मुळात होत नसते ती मुद्दाम सुरू करणे. हे तिन्ही एकत्र मिसळले गेले की आकडे मिळतात, पण ते कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या अडचणीचे उत्तर तर बहुधा अशा एका काउंटरमध्ये आहे जो आजही चालू आहे आणि केवळ वाचला जात नाही. त्याकडे पुढे येतो. (आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.)

पडद्यावरच्या सरासरीपासून सुरुवात करू. सिस्कोच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली की ‘इनपुट रेट’ आणि ‘आउटपुट रेट’ अशा दोन ओळी दिसतात. मूळ मांडणीत ही सरासरी पाच मिनिटांची असते, आणि ती साधी सरासरी नसून घातांकी भारित सरासरी असते, म्हणजे ताज्या मोजणीला अधिक वजन मिळते पण जुनी मोजणीही हळूहळूच विरते. याचा व्यावहारिक परिणाम असा की वाहतूक अचानक वाढली तर पडद्यावरचा आकडा खऱ्या वेगाच्या दोन टक्क्यांच्या आत यायला चार कालावधी, म्हणजे सुमारे वीस मिनिटे लागतात. कोणी दूरध्वनीवरून ‘आत्ता संथ झाले आहे’ असे सांगत असताना हा आकडा पाहण्यात काहीच अर्थ नाही. इंटरफेसच्या मांडणीत जाऊन ‘लोड-इंटरव्हल ३०’ अशी आज्ञा दिली की हा कालावधी ३० सेकंदांवर येतो आणि चार कालावधी दोन मिनिटांत पूर्ण होतात. सिस्कोवर हे मूल्य ३० ते ६०० सेकंदांच्या दरम्यान, ३० च्या पटीत द्यावे लागते. हुआवेईच्या एस मालिकेतील स्विचवर हेच काम ‘सेट फ्लो-स्टॅट इंटरव्हल’ या आज्ञेने होते. तेथेही मूळ मूल्य ३०० सेकंद असते आणि १० च्या पटीत १० पर्यंत खाली आणता येते. माझ्या मते सर्व पोर्टांवर ३० सेकंद ठेवावेत. याचा ताण नगण्य असतो आणि पाच मिनिटांची सरासरी हवीच असेल तर ती निरीक्षण-सर्व्हर काढू शकतो. मात्र हे लक्षात ठेवावे की हा बदल केवळ पडद्यावरच्या आकड्याचा आहे. एसएनएमपीने (यंत्रांचे आकडे दूरून वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीने) वाचल्या जाणाऱ्या काउंटरशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे कालावधी बदलूनही आपला आलेख होता तसाच राहील.

आता वाचनाकडे येऊ. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे आलेख बहुतेक वेळा येथेच जन्माला येतात. स्विचमधला काउंटर हा विजेच्या मीटरसारखा फक्त चढत जाणारा आकडा असतो. वेग हवा असेल तर दोन वाचनांतील फरकाला त्यांमधल्या सेकंदांनी भागावे लागते. इंटरफेसच्या मूळ तक्त्यातील ‘इफ-इन-ऑक्टेट्स’ आणि ‘इफ-आउट-ऑक्टेट्स’ हे बाइटांचे काउंटर ३२ बिटांचे आहेत, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की ते पुन्हा शून्यावर येतात. १० मेगाबिटच्या जोडणीवर याला ५७ मिनिटे लागतात, १०० मेगाबिटवर ५.७ मिनिटे, आणि १ गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर केवळ ३४ सेकंद. १० गिगाबिटवर तर साडेतीन सेकंदांच्या आतच काउंटर एक फेरी पूर्ण करतो. दोन वाचनांमध्ये काउंटर एकदाच फिरला असेल तर निरीक्षण-प्रणाली ते ओळखून दुरुस्त करते. दोनदा किंवा आठदा फिरला तर तिला ते कळण्याचा मार्गच नसतो. पाच मिनिटांनी वाचन होत असेल तर ३२ बिटांच्या काउंटरमधून जास्तीत जास्त ११४ मेगाबिटचा सरासरी वेग योग्य दिसू शकतो, आणि त्याच्या पुढचे सर्व काही गुंडाळून खालच्या आकड्यात दिसते. म्हणून गिगाबिट पोर्टचा आलेख ११४ च्या आसपास जाऊन नेहमी खाली कोसळत असेल तर आधी वाहतुकीवर नव्हे, काउंटरच्या निवडीवर संशय घ्यावा.

उपाय सोपा आहे आणि तो २००० साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २८६३ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिला आहे: २० मेगाबिटपेक्षा अधिक वेगाच्या इंटरफेसवर बाइटांसाठी ६४ बिटांचे काउंटर हवेत, आणि ६५० मेगाबिट किंवा अधिक वेगावर पॅकेटांसाठीही. त्यांची नावे ‘इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स’ आणि ‘इफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स’ अशी आहेत, आणि त्यांचे क्रमांक अनुक्रमे १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ आणि १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१० असे आहेत. येथे एक अडसर येतो, तो असा की एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर वाहून नेण्याची सोयच नाही. निरीक्षण-प्रणालीत एखादे यंत्र जुन्या सवयीने पहिल्या आवृत्तीवर ठेवले गेले असेल, तर ती मुकाट्याने ३२ बिटांच्या काउंटरवर उतरते आणि आलेख काढत राहते. त्यामुळे आवृत्ती किमान ‘टू-सी’ हवी, आणि आज नव्याने बसवत असाल तर तिसरीच घ्यावी. जोडणीचा वेगही याच नियमाने ‘इफ-स्पीड’मधून नव्हे तर ‘इफ-हाय-स्पीड’मधून वाचावा, कारण पहिल्यात ४.२९ गिगाबिटच्या वरचा वेग मावत नाही आणि १० गिगाबिटच्या अपलिंकची टक्केवारी त्यावरून काढली तर ती दुपटीहून अधिक फुगलेली येते.

तिसरी आवृत्ती बसवताना वापरकर्ता प्रमाणीकरण आणि सांकेतिकीकरण या दोन्हींसह तयार करावा, त्याला फक्त वाचनाचा अधिकार द्यावा, आणि स्विचवर अशी प्रवेशयादी लावावी की एसएनएमपीला उत्तर केवळ निरीक्षण-सर्व्हरच्या पत्त्यालाच मिळेल. महाविद्यालयाच्या नेटवर्कमध्ये हे विशेष कटाक्षाने करावे. ‘पब्लिक’ या नावाची कम्युनिटी (एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांतला परवलीचा शब्द) उघडी असेल तर कोणताही विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवरून संपूर्ण नेटवर्कची रचना वाचू शकतो. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी उरकाव्यात. सर्व स्विच आणि सर्व्हर यांची घड्याळे एनटीपीने एकाच वेळेवर आणावीत, म्हणजे आलेखावरची उसळी आणि लॉगमधली नोंद एकमेकांशी जुळवता येतील. आणि सिस्कोवर ‘एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट’ ही आज्ञा द्यावी, कारण तिच्याशिवाय काही स्विचांवर पुन्हा सुरू झाल्यावर इंटरफेसचे अंतर्गत क्रमांक बदलतात आणि एका पोर्टचा इतिहास दुसऱ्या पोर्टच्या नावावर चढतो. पोर्टच्या वर्णनात ‘प्रयोगशाळा ३, भिंतीवरील खोका ब’ असे नेमके लिहून ठेवले तर ते ‘इफ-एलियस’मधून निरीक्षण-प्रणालीत आपोआप येते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण वर्षभरानंतर त्या आलेखाचा उपयोग होणार की नाही हे त्यावरच ठरते.

वाचन किती वेळाने करावे? पाच मिनिटांची प्रथा टोबी ऑटिकर यांच्या एमआरटीजी या आलेख काढणाऱ्या प्रणालीपासून, म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालत आली आहे. आजच्या यंत्रांवर ६० सेकंदांनी वाचणे सहज परवडते, आणि तेच मी सुचवेन. त्याहून खाली, म्हणजे एक-दोन सेकंदांवर उतरण्याचा मोह टाळावा. चिपमधले काउंटर प्रोसेसर काही सेकंदांच्या अंतराने उचलून आपल्या तक्त्यात ठेवतो आणि एसएनएमपी त्या तक्त्यातून उत्तर देते. काही स्विचांवर हे अंतर ५ ते १० सेकंदांचे असते. दर सेकंदाला विचारले तर अनेकदा तोच आकडा परत मिळतो, म्हणजे वेग शून्य दिसतो, आणि मग एकदम मोठी उसळी दिसते जी प्रत्यक्षात कधी आलेलीच नसते. इतके सूक्ष्म वाचन खरोखर हवे असेल तर त्यासाठी स्ट्रीमिंग टेलिमेट्री आहे, ज्यात स्विच स्वतःहून ठरावीक अंतराने जीएनएमआयसारख्या मार्गाने आकडे पाठवतो. पण तेथेही चिपमधून आकडे उचलण्याची गती ही मर्यादा असतेच.

साठवणीबद्दल एक सूचना. आरआरडीटूल या साठवण-साधनावर उभारलेल्या प्रणाल्या जुने आकडे एकत्र करून त्यांची सरासरी ठेवतात, त्यामुळे महिन्यापूर्वीची शिखरे आज पाहिली तर बुटकी झालेली दिसतात. संग्रह तयार करतानाच सरासरीबरोबर कमाल मूल्याचाही संग्रह ठेवावा. नंतर तो जोडता आला तरी गेलेले आकडे परत येत नाहीत. वर्षाच्या शेवटी अपलिंक वाढवण्यासाठी खर्च मंजूर करून घ्यायचा असेल तेव्हा हीच कमाल मूल्ये उपयोगी पडतात.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो. अपलिंक २८ टक्क्यांवर असताना फाइली संथ का उघडतात? मुख्य स्विचकडून मजल्यावरच्या स्विचकडे माहिती १० गिगाबिटने येते आणि विद्यार्थ्याच्या संगणकाकडे १ गिगाबिटने जाते. सर्व्हरने एखादी मोठी फाइल एका दमात पाठवली तर त्या क्षणी १० गिगाबिट आत येतात, १ गिगाबिट बाहेर जातात, आणि उरलेले ९ गिगाबिट स्विचच्या बफरमध्ये साठू लागतात. ९ गिगाबिट प्रति सेकंद म्हणजे दर मिलिसेकंदाला सुमारे १.१ मेगाबाइट. त्या पोर्टला वापरता येणारा बफर २ मेगाबाइटचा धरला तरी तो दोन मिलिसेकंदांच्या आत भरतो, आणि त्यानंतरची पॅकेटे टाकून दिली जातात. टीसीपी (माहिती पोहोचल्याची खात्री करणारी पद्धत) ती हरवल्याचे ओळखून वेग कमी करते, पुन्हा पाठवते, आणि वापरणाऱ्याला ते ‘संथ’ म्हणून जाणवते. ही घटना आलेखावर दिसणे शक्यच नाही. १ गिगाबिटचे पोर्ट २०० मिलिसेकंद पूर्ण भरले तरी पाच मिनिटांच्या सरासरीत त्याने ०.०७ टक्क्यांहून कमी भर पडते, आणि ३० सेकंदांच्या सरासरीतसुद्धा ०.७ टक्क्यांहून कमी. म्हणजे कालावधी कमी करत जाणे हा यावरचा उपाय नव्हे. सरासरीत जे विरून जाते ते मोजणीत टिकते: टाकून दिलेले प्रत्येक पॅकेट ‘इफ-आउट-डिस्कार्ड्स’ या काउंटरमध्ये नोंदले जाते आणि तेथेच राहते. तेव्हा अपलिंकच्या वापराऐवजी प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या पोर्टांवरचे आउटपुट ड्रॉप, म्हणजे हीच टाकून दिलेली पॅकेटे, दर मिनिटाला वाचावेत आणि त्यांतील वाढीचा आलेख काढावा. दुपारच्या तक्रारीच्या वेळी हा आकडा वाढत असेल तर निदान पक्के झाले. उपाय मग बफरची वाटणी बदलणे, सर्व्हरच्या बाजूला पाठवण्याचा वेग आखणे किंवा क्यूओएसमध्ये (वाहतुकीला प्राधान्यक्रम देणाऱ्या सोयीत) रांगांचे वाटप सुधारणे यांपैकी एखादा असेल. अपलिंक रुंद करण्यावर पैसे खर्च केले तर अडचण कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता आहे.

ड्रॉप आणि एरर या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. ड्रॉपमध्ये पॅकेट निर्दोष असते, पण त्याला जागा नसते. एररमध्ये फ्रेमच खराब झालेली असते आणि कारण बहुधा केबल, कनेक्टर किंवा ऑप्टिक मॉड्यूल यांत सापडते. ‘शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स’ या आज्ञेने सिस्कोवर हे सर्व पोर्टांसाठी एकत्र दिसतात. एका बाजूला सीआरसी त्रुटी (फ्रेम शाबूत आहे का याच्या तपासणीत सापडलेल्या) व तुटक्या फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला उशिराच्या टकरी दिसत असतील तर ते डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी की आळीपाळीने पाठवायचे याची मांडणी) न जुळल्याचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे: सीआरसी पूर्ण डुप्लेक्सच्या बाजूला दिसतात, टकरी अर्ध्या डुप्लेक्सच्या बाजूला. जुने प्रिंटर आणि हजेरीची यंत्रे यांच्या पोर्टांवर हे आजही आढळते. आणखी एक बारकावा असा की कट-थ्रू पद्धतीने चालणारा स्विच फ्रेम संपूर्ण येण्याआधीच पुढे पाठवू लागतो, त्यामुळे खराब फ्रेमही पुढे जातात आणि एकाच खराब केबलची त्रुटी अनेक स्विचांवर मोजली जाते. अशा वेळी त्रुटी ज्या पोर्टवर सर्वांत आधी आत येते तेथपर्यंत माग काढत जावे.

बाइटांबरोबर पॅकेटांची संख्याही वाचावी, हे मी आग्रहाने सांगेन. इथरनेटवर प्रत्येक फ्रेमच्या आधी ८ बाइटांची प्रस्तावना आणि नंतर १२ बाइटांचे मोकळे अंतर असते, आणि हे २० बाइट सहसा बाइट-काउंटरमध्ये येत नाहीत. फ्रेम १५१८ बाइटांच्या असतील तर पूर्ण भरलेली १ गिगाबिटची जोडणी काउंटरवरून ९८.७ टक्के दिसते आणि सेकंदाला सुमारे ८१,२७४ फ्रेम जातात. फ्रेम ६४ बाइटांच्या असतील तर त्याच जोडणीवर सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम जातात, आणि काउंटर ७६ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे लहान पॅकेटांच्या वाहतुकीत ७६ टक्के हाच पूर्ण भार असतो. बाइटांच्या वेगाला पॅकेटांच्या वेगाने भागून सरासरी आकार काढला की वाहतुकीचा स्वभाव कळतो: बॅकअप आणि फाइलींची वाहतूक दीड हजाराच्या जवळ जाते, तर जी.७११ पद्धतीचा दूरध्वनीचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जात असेल तर फ्रेम २१८ बाइटांच्या आसपास असते. एखाद्या प्रयोगशाळेचा सरासरी आकार एकाएकी ८०-९० बाइटांवर आला आणि पॅकेटांची संख्या चढली, तर तेथे कोणीतरी पोर्ट तपासत सुटले आहे किंवा एखादे यंत्र बाधित झाले आहे, अशी शंका घ्यावी. आरमॉनचा (स्विचमध्येच आकडेवारी ठेवणाऱ्या निरीक्षण-मानकाचा) आकडेवारी-गट, जो आरएफसी २८१९ मध्ये दिला आहे, फ्रेमची आकारानुसार ६४, ६५ ते १२७, १२८ ते २५५ अशा १५१८ पर्यंतच्या गटांत मोजणी करतो. स्विच तो देत असेल तर ती आकडेवारी अवश्य घ्यावी. ब्रॉडकास्ट (सर्वांना पाठवलेली) आणि मल्टिकास्ट (एका गटाला पाठवलेली) पॅकेटे यांचे वेगळे काउंटरही दोन आठवडे नोंदवून मगच स्टॉर्म-कंट्रोलची, म्हणजे अशा पॅकेटांचा पूर रोखणाऱ्या सोयीची, मर्यादा ठरवावी. अंदाजाने ठेवलेली मर्यादा एकतर निरुपयोगी ठरते किंवा परीक्षेच्या सकाळी शंभर संगणक एकदम सुरू होताच पोर्ट बंद पाडते.

आरमॉनचा आणखी एक उपयोग आहे. इतिहास-गट चालू केला तर स्विच स्वतःच्या स्मृतीत मोजणी ठेवतो. सिस्कोवर मूळ मांडणी ५० नोंदींची आणि १८०० सेकंदांच्या अंतराची असते. अंतर ३० सेकंदांवर आणले तर शेवटची २५ मिनिटे हाताशी राहतात, आणि त्या काळात निरीक्षण-सर्व्हरशी संपर्क तुटला असला तरी ती वाचता येतात. स्विच पुन्हा सुरू झाला की ती पुसली जातात. आरमॉनच्या अलार्म-गटाने ‘आउट-डिस्कार्ड्स’ मिनिटाला शंभराने वाढले तर सूचना, आणि दहाच्या खाली आले की पुन्हा सज्ज, अशी दोन टोकांची मर्यादा ठेवता येते. दोन टोके वेगळी ठेवल्याने सीमारेषेवर घुटमळणाऱ्या आकड्यामुळे सूचनांचा पाऊस पडत नाही. मर्यादा फरकावर ठेवावी, एकूण आकड्यावर नव्हे. एकूण आकडा तर कधी ना कधी कोणतीही मर्यादा ओलांडणारच.

ज्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते अशा मोजणीकडे आता वळतो. हुआवेईच्या स्विचवर व्हीलॅनची आकडेवारी मूळ मांडणीत बंद असते. संबंधित व्हीलॅनच्या मांडणीत ‘स्टॅटिस्टिक एनेबल’ ही आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. वर्गानुसार मोजणी हवी असेल, उदाहरणार्थ प्रयोगशाळेतून एका विशिष्ट सर्व्हरकडे जाणारी वाहतूक, तर प्रवेशयादीने ती ओळखणारा ट्रॅफिक क्लासिफायर, त्यात मोजणी चालू असलेला ट्रॅफिक बिहेव्हियर, आणि दोन्हींना जोडणारी ट्रॅफिक पॉलिसी असे तीन भाग तयार करून ती पोर्टच्या आतल्या दिशेला लावावी. आकडे ‘डिस्प्ले ट्रॅफिक पॉलिसी स्टॅटिस्टिक्स इंटरफेस’ या आज्ञेने पाहता येतात. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: ताण प्रोसेसरवर पडत नाही, पण चिपमधील नियमांच्या व काउंटरांच्या जागा मर्यादित असतात आणि सुरक्षेच्या प्रवेशयाद्याही त्याच जागा वापरतात. म्हणून सगळ्या व्हीलॅनवर सरसकट मोजणी लावू नये. ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे तेवढीच लावावी, आणि उत्तर मिळाले की काढून टाकावी.

येथेच एका सापळ्याची जाणीव करून देतो. व्हीलॅनच्या तिसऱ्या स्तरावरच्या (आयपी पत्ता असलेल्या) इंटरफेसचे काउंटर पाहून त्या व्हीलॅनची वाहतूक मोजता येईल असे वाटते. परंतु अनेक स्विचांवर हे काउंटर फक्त प्रोसेसरपर्यंत आलेली पॅकेटे मोजतात, आणि चिपने परस्पर पुढे पाठवलेली पॅकेटे, म्हणजे जवळजवळ सगळीच, त्यात येत नाहीत. या इंटरफेसचा आलेख अगदीच सपाट दिसत असेल तर व्हीलॅन रिकामी आहे असा निष्कर्ष काढू नये. तसेच दोन जोडण्यांचा गट करून अपलिंक बनवला असेल तर गटाचा एकूण आकडा पुरेसा नाही. वाहतूक पत्त्यांच्या गणितावरून वाटली जाते आणि एकच टीसीपी जोडणी नेहमी एकाच तारेवरून जाते, त्यामुळे गट निम्मा रिकामा असताना एक तार भरलेली असू शकते.

‘कोण किती वापरतो’ हा प्रश्न मात्र पोर्टच्या काउंटरने सुटत नाही. त्यासाठी एसफ्लो किंवा नेटफ्लो लागतो. एसफ्लो दर एन पॅकेटांमागे एक नमुना उचलून संग्राहकाकडे यूडीपीच्या ६३४३ पोर्टवर पाठवतो. नमुन्यांवरून काढलेल्या अंदाजातील चूक, ९५ टक्के विश्वासाने, १९६ भागिले नमुन्यांच्या संख्येचे वर्गमूळ, इतक्या टक्क्यांच्या आत राहते. समजा अपलिंकवर सेकंदाला दोन लाख पॅकेटे जातात आणि दोन हजारांमागे एक नमुना घेतला, तर पाच मिनिटांत ३०,००० नमुने जमतात. एखाद्या सर्व्हरचा वाटा त्यात दहा टक्के असेल तर त्याचे ३,००० नमुने येतील आणि चूक ३.६ टक्क्यांच्या आत राहील. पण ज्याचे केवळ शंभरच नमुने आले त्याच्याबाबत ती जवळपास २० टक्के असेल. त्यामुळे मोठे वापरकर्ते शोधण्यासाठी एसफ्लो उत्तम आहे, पण एखाद्या यंत्राने अमुक वेळी एक पॅकेट पाठवले की नाही हे त्यावरून ठरवू नये. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० सारख्या स्विचवर फ्लेक्झिबल नेटफ्लो मिळतो, जो प्रवाहांच्या नोंदी स्वतः बनवून पाठवतो. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी ते सर्वत्र एकाच दिशेने, शक्यतो आत येणाऱ्या बाजूने लावावे. आत आणि बाहेर दोन्हीकडे लावले तर तोच प्रवाह दोनदा मोजला जातो आणि बेरीज जोडणीच्या क्षमतेच्याही पुढे जाते.

प्रोसेसरवर खरा ताण आणणारी गोष्ट वेगळीच असते. ४८ पोर्टांचे काउंटर दर मिनिटाला वाचणे हे किरकोळ काम आहे. पण काही निरीक्षण-प्रणाल्या ‘सर्व काही शोधा’ या पर्यायाखाली मॅक पत्त्यांचा आणि एआरपीचा संपूर्ण तक्ता वारंवार वाचतात, आणि त्याने लहान स्विचचा प्रोसेसर खरोखर दमतो. ते शोधकाम रात्री एकदा ठेवावे आणि काउंटरांचे वाचन ‘गेट-बल्क’ने, म्हणजे एकाच विनंतीत अनेक आकडे मागून, करावे.

काउंटर शून्य करण्याबाबतही स्पष्टता हवी. सिस्कोवर ‘क्लिअर काउंटर्स’ दिल्याने पडद्यावरचे आकडे शून्य होतात, पण एसएनएमपीचे काउंटर जसेच्या तसे राहतात. त्यामुळे तपास करताना ही आज्ञा निर्धास्तपणे वापरावी. हुआवेईवर ‘रिसेट काउंटर्स इंटरफेस’ हेच काम करते, परंतु ‘रिसेट काउंटर्स इफ-एमआयबी इंटरफेस’ ही वेगळी आज्ञा निरीक्षण-प्रणालीला दिसणारे आकडेही पुसते आणि आलेखावर खोटी उसळी किंवा पोकळी निर्माण करते. ती चालवू नये. निरीक्षण-प्रणालीने प्रत्येक वाचनात ‘सिस-अप-टाइम’ही घ्यावा, म्हणजे स्विच पुन्हा सुरू झाल्याचे तिला कळते. मात्र तोही ३२ बिटांचा, शतांश सेकंदांचा आकडा आहे आणि ४९७ दिवसांनी स्वतःच शून्यावर येतो. स्विच बंद न पडताही त्या दिवशी प्रणाली ‘पुनरारंभ’ दाखवील.

एवढे बसवून झाल्यावर मोजणी खरी आहे याची परीक्षा घ्यावी, आणि त्याशिवाय कोणालाही आलेख दाखवू नये. सुटीच्या वेळी एका प्रयोगशाळेतील दोन संगणक एकाच स्विचच्या दोन १ गिगाबिट पोर्टांना जोडून त्यांच्यामध्ये ‘आयपर्फ’ या वेग मोजणाऱ्या साधनाने दहा मिनिटे टीसीपी वाहतूक सोडावी. सर्व काही नीट असेल तर आयपर्फ साधारण ९४१ मेगाबिट दाखवील, कारण ते फक्त उपयुक्त माहिती मोजते, आणि त्याच वेळी स्विचच्या काउंटरवरून काढलेला वेग ९८७ मेगाबिटच्या जवळ येईल, कारण त्यात इथरनेट, आयपी आणि टीसीपीचे मथळेही मोजले जातात. या दोन आकड्यांतील फरक ही चूक नाही. तो असाच असायला हवा. आलेख ११४ च्या खाली काहीतरी दाखवत असेल तर पाच मिनिटांचे वाचन अजून ३२ बिटांच्या काउंटरवरच आहे. आकडा बरोबर आठपट कमी असेल तर बाइटांचे बिट केले गेलेले नाहीत. आलेख एक मिनिट १,९०० आणि दुसऱ्या मिनिटाला शून्य असा उडत असेल तर वाचनाच्या वेळा आणि साठवणीच्या वेळा जुळलेल्या नाहीत. आणि ९८७ नीट दिसत असतानाच पाठवणाऱ्या संगणकाच्या पोर्टवर इनपुट एरर वाढत असतील, तर केबल बदलून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मगच दुपारच्या ड्रॉपची मोजणी सुरू करावी.